टॉलिव्हरचा शब्द

शॉनचा उजवा पाय ठेका धरत होता आणि तो ठेका चुकत नव्हता, हे बर्नार्डच्या लक्षात आलं. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं. स्टेजवर एक दाढीवाला गिटारच्या खुंट्या पिळत होता आणि ड्रमवाला कंटाळल्यासारखा कडेकडेनं टकटक करत होता. पण तेवढ्या टकटकीवरून शॉननं पहिलं गाणं ओळखलं होतं. बर्नार्डनंही ओळखलं होतं, पण तो त्याचा हक्कच होता. रस्टी गेट हा बँड अख्ख्या बहरीनमध्ये आपल्याला एकट्याला ठाऊक आहे अशी त्याची बारा वर्षं पक्की समजूत होती. मघाशी हॉटेलच्या त्या झुंबरवाल्या हॉलमध्ये शिरताना चार-पाचशे माणसं बघून त्या समजुतीला पहिला तडा गेला. ती माणसं तरी परकी होती, कोणी बँकेतले गोरे, कोणी जुफेरच्या तळावरून आलेले अमेरिकन नौसैनिक, त्यांचं त्यांना लखलाभ. शॉनची गोष्ट वेगळी. शॉन त्याच्याच गावचा, वसईचा. सहा-सात वर्षांपूर्वी कार्गो कंपनीच्या व्हिसावर आला तेव्हा नईम भागातल्या बर्नार्डच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर तो कितीतरी महिने झोपला होता. आणि आज तो वसईच्या एका बिल्डरचा इथला एजंट म्हणून बर्नार्डच्या उजव्या हाताला बसला होता. उद्या सकाळी तो बर्नार्डला आपल्या गाडीतून एम्बसीत नेणार होता. तिथे बर्नार्ड मुखत्यारपत्रावर सही करणार होता, आणि मग त्याची वसईची केळीची वाडी बिल्डरची होणार होती.

‘हे सगळं अंकलनीच मला शिकवलं, आंटी,’ शॉन पलीकडे वाकून बर्नार्डच्या बायकोला, एडनाला म्हणाला. ‘मी होतो तोवर रोज संध्याकाळी हेडफोन न लावता टेप लावायचे. माझं तर सगळं पाठ झालं.’ एडना हसली. तिनं गळ्यात मोत्यांची माळ घातली होती आणि पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाल्याचा आनंद तिच्या पाठीच्या कण्यात दिसत होता. एडना हॉस्पिटलात नर्स होती आणि आठवडाभर वाकून काम करत असल्यामुळे समारंभात ती नेहमी ताठ बसायची.

तिकिटं बिल्डरकडून आली होती. खालच्या मजल्यावर त्याचं फ्लॅटचं प्रदर्शन भरलं होतं, थर्मोकोलच्या इमारती, त्यांच्याभोवती हिरव्या भुशाची झाडं. जमीन देणाऱ्या खास लोकांना वर मैफलीची पुढची रांग होती. म्हणजे डोंगरातल्या जमिनी विकत घेणाऱ्यांना ज्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, त्या बँडला ऐकायला बर्नार्ड जमिनी विकत घेणाऱ्याच्या पैशानं आला होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मंगळवारी शॉननं पाकीट हातात ठेवलं तेव्हाच कळलं होतं. पण रस्टी गेट बहरीनला येतात हीच गोष्ट इतकी अचाट होती की तिच्यापुढे दुसरं काही दिसेना. तिकीट परत करावं असं त्याला एकदा वाटलं, दाढी करताना. मग दाढी संपली.

दिवे मंद झाले आणि बँडचा गायक क्लेम टॉलिव्हर आला. बर्नार्डनं त्याला आजवर फक्त कानांनी पाहिलं होतं. त्या आवाजावरून त्यानं सहा फूट उंच, रापलेला, मनगटाला दोरखंडाचे वळ असलेला माणूस मनात उभा केला होता. आलेला माणूस बुटका होता. त्याला व्यवस्थित पोट होतं आणि त्यानं वाचायचा चष्मा डोक्यावर ढकललेला होता. बर्नार्डला वाटलं, आधी मॅनेजर येऊन सूचना देतोय. मग त्या माणसानं तोंड उघडलं आणि तोच आवाज आला, खरबरीत, घशात थोडी रेती असलेला. बर्नार्डच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं रुमाल काढून नाक शिंकरलं.

टॉलिव्हरनं सांगितलं की कशाकशाबद्दल बोलायचं नाही हे हॉटेलवाल्यांनी त्याला दुपारी नीट समजावलंय. सरकार नाही, युद्ध नाही, तेल नाही, धर्म नाही. ‘आता माझ्याकडे हवामान उरलंय आणि माझी आई,’ तो म्हणाला. लोक हसले. ज्यानं आपल्या राष्ट्राध्यक्षाला चार कडव्यांत धुतलं होतं, ज्याला त्यांच्याकडच्या रेडिओवाल्यांनी वाळीत टाकलं होतं, तो मुकाट्यानं हवामानावर आला हे बर्नार्डला जरा लागलं. पण त्याला ते समजूही शकत होतं. बाहेर गेली दोन-तीन वर्षं दिवस बरे नव्हते. नईमच्या गल्लीत रात्रीतून भिंतींवर काहीतरी लिहिलं जायचं आणि सकाळी त्यावर पांढरा रंग मारलेला असायचा. अशा वेळी आपल्यासारख्यानं मान खाली घालून ऑफिस गाठावं. मान खाली घालण्यात बर्नार्डचा हात धरणारं कोणी नव्हतं. एअरकंडिशनरच्या कंपनीत तो इतकी वर्षं टिकला तो त्याच गुणावर. रजा कापली, यस सर. शिफ्ट बदलली, यस सर. संध्याकाळी घरी यायचा, पॅन्ट बदलून लुंगी लावायचा, हेडफोन कानावर चढवायचा आणि मग कोणाचीही भीडभाड ठेवायचा नाही. खाणमालक, सेनापती, गव्हर्नर, सगळ्यांना तो टॉलिव्हरच्या जोडीनं सोफ्यावरून झापायचा. एडना भाजी निवडता निवडता म्हणायची, हळू, शेजारी पठाण झोपलाय.

ती टेप त्याला जुफेरमध्ये मिळाली होती. एक अमेरिकन बाई घर मोडून मायदेशी चालली होती आणि अंगणात सामान मांडून बसली होती. नाताळची गाणी असतील म्हणून बर्नार्डनं कॅसेटींचं पुडकं उचललं. घरी येऊन लावलं तर कोणत्या तरी गावच्या मैफलीत हजारो लोक ओरडत होते आणि एक माणूस विचारत होता, ‘हूज सेलिंग?’ आणि लोक म्हणत होते, ‘नॉट मी.’ गाणं एका दरीबद्दल होतं. तिथे एक ओढा, सफरचंदाचं झाड, गंजलेलं फाटक, आणि कोळसा कंपनीचा माणूस टोपी हातात घेऊन फाटकाशी उभा. प्रत्येक कडव्यानंतर तो प्रश्न आणि ते उत्तर. बर्नार्डनं सफरचंदाचं झाड कधी बघितलं नव्हतं, पण त्याला ती दरी लगेच ओळखीची वाटली. तिथे राजेळी केळीच्या पानांवरून पहाटे पाणी ठिबकत होतं, रहाट कुरकुरत होता, आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर बाप गुडघाभर चिखलात उभा राहून नागवेलीला शिव्या देत होता. वसईत त्या वर्षांत लोकांनी जमिनी वाचवायला मोर्चे काढले. बर्नार्ड इथे होता. रजा मागायची तर यस सर म्हणण्यापलीकडचं काही बोलावं लागलं असतं. त्यानं आपल्या परीनं चळवळीला हातभार लावला, म्हणजे त्या गाण्याची कॉपी करून थोरल्या भावाला मोर्चात लावायला पाठवली. भावाचं उत्तर आलं की टेपरेकॉर्डर बिघडलाय, येताना एक घेऊन ये.

भाऊ गेला त्याला आता तीन वर्षं झाली. बावखलाचं पाणी मचूळ झालं होतं, आजूबाजूच्या विहिरींवर टँकर लागत होते, केळी पिवळी पडली होती. वाडीला कोणी बघणारं उरलं नव्हतं. इथे ईसा टाउनच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला, जोॲनला, त्यानं सुट्टीत नेऊन सगळं दाखवलं तेव्हा ती चपला हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘पपा, इट्स जस्ट मड.’ एडनाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते बिनतोड होतं. आपण परत जाणार नाही, मुलगी जाणार नाही, मग ती वाडी कोणासाठी, डासांसाठी? मालाडला एक फ्लॅट, पोरीचं कॉलेज, झालं. नाही म्हणायची बर्नार्डला सवयच नव्हती, आणि जे उभ्या आयुष्यात केलं नाही ते पन्नाशीत कुठून सुरू करणार? त्यानं शॉनला हो म्हटलं. त्याच संध्याकाळी हेडफोन लावून तो नेहमीसारखा ‘नॉट मी’ म्हणाला, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून निघाल्या याचं त्याला त्या वेळी काही वाटलं नाही. तिकडे टॉलिव्हर राखतोय ना. दूरच्या कुठल्या तरी दरीत एक माणूस फाटकाला पाठ लावून उभा आहे, तोवर इकडे आपण जरा मऊ झालो तर चालतं, असं काहीसं त्याच्या मनात कायम असे. घरातल्या एकानं उपास धरला की बाकीच्यांना निर्धास्त जेवता येतं, तसं.

गाणी झाली, एकामागून एक, सगळी सभ्य. प्रेमाची, आगगाडीची, आईची. बर्नार्डला एक विचित्र अडचण जाणवत होती. टेपवर आईच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याआधी प्रेक्षकांतला कोणीतरी खोकतो. बारा वर्षं तो खोकला ऐकून ऐकून बर्नार्डच्या हिशेबी गाण्याचाच भाग झाला होता. इथे ती जागा आली आणि कोणी खोकलं नाही. गाणं पायरी चुकल्यासारखं पुढे गेलं. पुढच्या कडव्याला त्याला राहवेना आणि तो स्वतःच खोकला, बरोबर तिथे, तसाच. बरं वाटलं. एडनानं पर्स उघडून त्याच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. उजवीकडून शॉन त्याच्याकडे बघून मिस्किल हसला. त्याला तो खोकलाही पाठ होता.

आणि मग ते गाणं आलं. हॉटेलवाल्यांच्या यादीत जमिनीचं नाव नव्हतं हे टॉलिव्हरच्या लक्षात आलं असणार. त्यानं चष्मा डोक्यावरून काढून खिशात टाकला आणि गिटारवर पहिले तीन स्वर वाजवले. नौसैनिकांनी शिट्या मारल्या. ओढा आला, झाड आलं, फाटक आलं, टोपीवाला आला. टॉलिव्हरनं हात वर केला आणि विचारलं, ‘हूज सेलिंग?’

‘नॉट मी,’ हॉल म्हणाला. बँकवाले म्हणाले, ज्यांचं सगळं आयुष्यच विकण्यात जात होतं. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला. एडना म्हणाली, मोत्यांसकट, अगदी खुल्या आवाजात, आणि तिला तसं म्हणायला काही हरकतही नव्हती, कारण वाडी तिच्या नावावर नव्हती. सगळ्यात मोठ्यानं शॉन म्हणाला. त्याचा आवाज खणखणीत होता, त्यात कुठेही खोट नव्हती. डोळे मिटून, हाताची मूठ करून बिल्डरचा एजंट गरजत होता की तो विकणार नाही. बर्नार्ड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं की या सबंध हॉलमध्ये आपण एकटेच गप्प आहोत. तोंड उघडलं होतं, श्वास घेतला होता, पण शब्द येईना. सोफ्यावर इतकी वर्षं जे बिनदिक्कत निघालं ते आज, खुद्द विचारणारा समोर उभा असताना, निघेना. समोर माणूस होता. माणसाला खोटं सांगायचं म्हणजे पंचाईत होती.

दुसऱ्या कडव्यालाही तेच. तिसऱ्या कडव्याला टॉलिव्हर लांब वायरीचा माइक ओढत स्टेजच्या पायऱ्या उतरला. जत्रेतला फुगेवाला पोरं हेरतो तसा तो पुढच्या रांगेवरून नजर फिरवत आला, आणि बर्नार्डपाशी थांबला. बर्नार्डच्या मनात आलं, आता यस सर म्हणून चालणार नाही. टॉलिव्हरनं लोकांना सांगितलं की या गृहस्थांचा आवाज काही मला ऐकू आला नाही. मग माइक पुढे केला. ‘हूज सेलिंग, सर?’

त्याच्या आयुष्यात त्याला कोणी प्रथमच सर म्हणत होतं. कदाचित त्यामुळेच असेल.

‘मी विकतोय, सर,’ बर्नार्ड इंग्रजीत म्हणाला. ‘उद्या सकाळी.’

हॉल खो खो हसला. नौसैनिकांनी टाळ्या पिटल्या, शॉननं त्याच्या पाठीवर थाप मारली, एडनानं कपाळाला हात लावला. टॉलिव्हर तेवढा हसला नाही. त्यानं बर्नार्डकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माइक स्वतःच्या छातीवर पालथा दाबून तो खाली वाकला. त्याला पेपरमिंटचा आणि घामाचा वास येत होता. हळू, नीट ऐकू येईल अशा आवाजात तो म्हणाला, ‘मीपण विकली. दहा वर्षं झाली. कोणाला सांगू नको.’ आणि ताठ होऊन, माइक तोंडाशी धरून, देव तुमचं भलं करो असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत तो पायऱ्या चढून गेला.

पहिल्यांदा बर्नार्डला हायसं वाटलं. सुटलो, असंच त्याला वाटलं. ज्यानं गाणं केलं त्यानंच विकली तर मी कोण लागून गेलो? उद्या मान वर करून सही करता येईल. पण गाणं वर चालू होतं आणि ते ऐकता ऐकता तो सुटकेचा आनंद पातळ होत गेला. दहा वर्षं. म्हणजे आपण टेप लावत होतो तेव्हा बहुतेक दिवस तिथे कोणी नव्हतंच. आपण इथे लुंगी लावून ज्या दरीत रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो ती कधीच खणून काढलेली होती. फाटक नव्हतं, झाड नव्हतं, ओढ्याचं काय झालं देव जाणे. बर्नार्डला फार वाईट वाटलं, घरातलं माणूस गेल्यावर वाटतं तसं, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. त्यानं वर पाहिलं. तो बुटका माणूस गात होता, विकल्यावर दहा वर्षं न विकण्याचं गाणं गात होता, गावोगाव, पोटासाठी. बर्नार्डला त्याचा राग येईना. हा तर आपलाच माणूस निघाला.

टाळ्यांचा कडकडाट थांबायच्या आतच डाव्या बाजूनं एडना वाकली.

‘बर्नार्ड, मना सांग, काय बोलला तो तुला?’

उजव्या बाजूनं शॉनही वाकला होता. ‘काय बोलला, अंकल? खरंच सांगा.’

दोन कान दोन बाजूंनी आले. बर्नार्डला पुढच्या शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाची, मिसा दिसली, चर्चबाहेरचा चहा दिसला, आणि कप हातात धरून हसत हसत सगळ्यांना सांगणारा शॉन दिसला, की तो तुमचा टॉलिव्हर, त्यानंसुद्धा विकली बरं का, मग आपलं काय. सगळे हसतील. आणि वाईट असं की शॉन काही चुकीचं सांगत नसेल. त्या माणसानं विश्वासानं सांगितलं होतं. कोणाला सांगू नको म्हणाला होता. आजवर कोणी मोठ्या माणसानं बर्नार्डपाशी आपली लाज अशी ठेवायला दिली नव्हती.

‘विकू नको म्हणाला,’ बर्नार्ड म्हणाला.

म्हटल्यावर त्याला आपण काय म्हटलं ते कळलं. एडनाचा हात मोत्यांवर गेला. शॉनचा चेहरा उतरला, पण तो एजंटचा चेहरा नव्हता, सोफ्यावर झोपणाऱ्या जुन्या शॉनचा होता. फादरनी सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता. बर्नार्डनं सांगितलं असतं तर त्याला दोन मिनिटांत गुंडाळलं असतं. पण हा टॉलिव्हरचा शब्द होता.

‘स्वतः म्हणाला?’ त्यानं विचारलं.

‘स्वतः.’

‘अंकल, पण ते गाणं आहे. गाण्यात काय, म्हणतातच.’

‘गाण्यात नाही म्हणाला,’ बर्नार्ड म्हणाला. ‘माइक बाजूला करून म्हणाला. माइकवर माणूस काहीही बोलतो.’

शॉन स्टेजकडे बघत राहिला. त्याचा पाय थांबला होता. त्यानं अगदी हळू विचारलं की मग उद्या सकाळचं काय, गाडी आणू की नको. आणि बर्नार्डला स्वच्छ दिसलं की आता माघार नाही. उद्या सही केली तर टॉलिव्हरचा शब्द बर्नार्डनं मोडला असं होणार. सही का केली म्हणून कोणी विचारलं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं तर सांगायचं नव्हतं. एका माणसाची अब्रू राखायची म्हणून वसईची वाडी राखणं भाग होतं, मचूळ पाण्यासकट, डासांसकट. स्वतःसाठी जे त्याला जन्मात जमलं नसतं ते दुसऱ्यासाठी किती सोपं होतं याचं त्याला नवल वाटलं.

‘आता कसं जमेल?’ तो म्हणाला. ‘त्यानं एवढं सांगितल्यावर.’

बर्नार्ड एडनाच्या बोलण्याची वाट बघत होता. मालाडचा फ्लॅट तिच्या डोळ्यांपुढून खोलीखोलीनं जात असणार. शेवटी तिनं पर्सची चेन ओढली.

‘विकायची नाय तर नाय,’ ती म्हणाली. ‘पण मग बावखलातला गाळ तरी काढून घे. या मे महिन्याच्या रजेत. आणि बॉसकडे रजा तू स्वतः मागायची, मी चिठ्ठी लिहून देणार नाय.’

गाळ, रजा, माणसं, पंप, भावाच्या खोलीचं कुलूप, सगळं एकदम बर्नार्डच्या अंगावर आलं. हे काय करून बसलो, असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी मुलगी झाली त्या दिवशी वाटला होता तसा एक वेडगळ आनंदही वाटत होता. वर टॉलिव्हर पुढच्या गाण्यासाठी खुंट्या पिळत होता. पिळता पिळता त्यानं पुढच्या रांगेत पाहिलं, बर्नार्डला शोधलं, आणि भुवई किंचित उचलली. सांगितलं नाहीस ना, असं तो विचारत होता. बर्नार्डनं नाही म्हणून मान हलवली, जमीन असलेला माणूस जमीन गमावलेल्याशी बोलताना हलवतो तशी, जपून, त्याला लागणार नाही अशी. मग त्यानं खुर्चीत जरा मागे सरकून पाय लांब केले.